डोक्यातील धुके आणि वर्गातील हशा

(नरोली येथे ग्रामस्थ, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांच्यासमोर एका प्राथमिक शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी दोन कागद घेऊन आलो आहे. एकावर भाषण आहे. तो कोणत्या खिशात ठेवला आहे, हे दुसऱ्यावर लिहिले आहे. आपण हसलात, बरे वाटले.

मला सिकलसेल हा आजार आहे. आपल्या भागातील वारली, कोकणा, धोडिया समाजांना तो अपरिचित नाही. निरोगी तांबडी पेशी वाटोळी व लवचीक असते आणि सुमारे १२० दिवस जगते. या आजारातील पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि १० ते २० दिवसांतच नष्ट होते. त्यामुळे रक्त कमी पडते, सांधे ठणकतात, झोप मोडते. आणि मग डोक्यात धुके उतरते. दमणगंगेवरचे धुके सूर्य वर आला की विरते. हे धुके सूर्याला जुमानत नाही.

नरोलीत वाढलेल्या माणसाला शब्द मिळविण्यासाठी मराठी, गुजराती, वारली व हिंदी अशी चार दुकाने असतात. माझ्यावर कधीकधी चारही एकदम बंद असण्याची पाळी येते. एकदा 'किल्ली' आठवेना, 'चावी'ही आठवेना. शेवटी पत्नीला म्हणालो, "अगं, ते कुलपाचं लेकरू दे." तेव्हापासून आमच्या घरी किल्लीला लेकरूच म्हणतात.

एके दिवशी फळ्यावर भागाकार मांडला आणि मध्येच हात थांबला. मी मुलांना विचारले, "मी काय करत होतो?" एक जण म्हणाला, "गुरुजी, तुम्ही भागत होता." मी म्हणालो, "भागाकार राहू दे, मीच भागलो." सारा वर्ग हसला. मागच्या बाकावरील एक मुलगा मात्र हसला नाही. मधल्या सुट्टीत तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "गुरुजी, मला रोज असंच होतं."

त्या मुलाला मी वर्षभर आळशी समजत होतो. चारचौघांत तसे बोललोही होतो. त्याचे डोळे पिवळसर दिसत, थंडीत तो पाय चोळीत बसे. हे सर्व मी पाहिले होते. स्वतः जन्मापासून तोच आजार अंगावर वागवूनही मला ते ओळखता आले नाही. सिल्वासा येथे त्याचे रक्त तपासले, तेव्हा सिकलसेलच निघाला. मी माझ्यावर हसत होतो, तोवर ठीक होते. त्याच्यावर मी हसवले, याची लाज अजून जात नाही.

शिक्षकांना विनंती आहे की, अशा मुलाला तासाला पाणी पिऊ द्यावे, लघवीला जाण्यास अडवू नये, थंडीवाऱ्यात कवायतीला उभे करू नये आणि उत्तरासाठी थोडा अवधी द्यावा. पालकांनी तपासणीस भिऊ नये. वाहक म्हणजे रोगी नव्हे. परंतु आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणी मूल आजारी निपजण्याचा संभव २५ टक्के असतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून, चाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी हा तिचा मुख्य भाग आहे. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीने अनेकांच्या वेदनांचे झटके कमी होतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी.

आणखी एक. सगळेच विसरणे हसण्यावारी नेऊ नये. बोलणे एकाएकी अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर तो पक्षाघात असू शकतो. मुलांनाही होतो. तेव्हा क्षणभरही न दवडता दवाखाना गाठावा.

तो मुलगा आता सातवीत आहे. आम्ही दोघांनी मिळून विसरण्याची एक वही ठेवली आहे. दर महिन्यास कोण अधिक विसरले, ते मोजतो. गेल्या महिन्यात मी तीनने पुढे होतो, असे तो म्हणतो. मोजणीत काही चूक असावी, अशी माझी हरकत आहे. पण वही कोठे ठेवली, हे त्यालाच ठाऊक आहे.