शब्द जुळतो कसा?

टॉकिंग हेड्स हा भाषेच्या जन्माचा शोध घेणारा प्रयोग.
बेल्जियमचे शास्त्रज्ञ ल्यूक स्टील्स यांनी तो १९९९ मध्ये मांडला.

श्रोतेहो, या प्रयोगातली यंत्रं अगदी साधी.
हलणारा कॅमेरा, हाच त्यांचा डोळा.
समोर पांढरा फळा.
फळ्यावर रंगीत त्रिकोण, चौकोन, वर्तुळं.

एक यंत्र एक आकृती निवडतं.
तिचं वेगळेपण हेरतं: रंग, आकार किंवा जागा.
त्यासाठी शब्द नसेल,
तर अक्षरं जुळवून नवा घडवतं.
दुसरं यंत्र शब्द ऐकून आकृती ओळखू पाहतं.
ओळखलं, तर शब्द पक्का होतो.
चुकलं, तर पहिलं यंत्र योग्य आकृती दाखवतं.

तयार शब्दकोश कुणी दिला नव्हता.
खरोखर, कुणीच नाही.

असे हजारो डाव झाले.
सुरुवातीला एकाच अर्थाला अनेक शब्द होते.
हळूहळू त्यांतले मोजकेच सर्वांमध्ये रुळले.