नागीण गेली, दुखणे राहिले



पस्तीस वर्षे मी मुलांच्या चुका दाखवल्या. आज माझी चूक सांगतो.

दोन वर्षांपूर्वी, ऐन सुगीत माझ्या डाव्या बरगडीत आग होऊ लागली. वरून काही दिसेना. एका दवाखान्यात दाखवले. ‘वात आहे’ म्हणून गोळ्या मिळाल्या. तिसऱ्या दिवशी पाठीपासून पोटापर्यंत पाणी भरलेल्या फोडांचा पट्टा उठला. उजवी बाजू मात्र कोरी.

शेजारच्या आक्का म्हणाल्या, “गुरुजी, ही नागीण. तोंड न् शेपूट जुळलं की माणूस जातो. आधी लेप लावून घ्या.”

मी शिकलेला माणूस, पण भ्यालो. गेरूचा लेप लावणाऱ्याकडे पाच खेपा घातल्या. नऊ दिवस त्यात गेले.

मग मुलाने मला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी विचारले, “लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का?” आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “कांजिण्या बऱ्या होतात, पण त्यांचे विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी निजून राहतात. मज्जातंतू म्हणजे दुखले-खुपले ते मेंदूला कळवणाऱ्या तारा. उतारवयात शक्ती कमी झाली, की विषाणू जागे होतात आणि एका तारेच्या वाटेने कातडीवर येतात. म्हणून फोड एकाच बाजूला. विळख्याने माणूस मरतो ही नुसती भीती. यावर असायक्लोव्हिर नावाची गोळी आहे. फोड उठल्यापासून तीन दिवसांत ती सुरू करायला हवी होती.”

वेळेवर गेलो असतो तर दुखणे मुळीच उरले नसते, असे त्या म्हणाल्या नाहीत. पण ते नऊ दिवस मला अजून खुपतात.

महिन्याभरात फोड सुकले. आग तशीच. तार जळाली ना! सदरा घासला तरी निखारा ठेवल्यासारखे होई. पंख्याचा वारा सोसेना. लोक म्हणत, “गुरुजी, जखम तर दिसत नाही, मग कण्हता कशाला?” नातू धावत येऊन बिलगला, तर मी त्याला ढकलून दिले. पोर भेदरले. त्या रात्री घरातून विचारणे झाले, “अहो, खरंच एवढं दुखतं?” मला रडू आले.

सकाळी तिने जुने मऊ धोतर फाडून पट्टा केला. गंमत अशी, की हलका स्पर्श सोसत नाही, पण घट्ट दाबलेले चालते. पट्टा आवळून वर सदरा घालतो. नेहमीच्या दुखण्याच्या गोळीचा मला उपयोग झाला नाही. या दुखण्याची गोळी वेगळी. मी ती रात्री घेतो. डॉक्टरांनी ती थोडी थोडी वाढवली. तिने गुंगी येते, तोल जातो, म्हणून रात्री उठताना काठी धरतो. मनाने ती एकदम बंद करायची नाही. आता दुखणे निम्मे आहे. नातू उजव्या बाजूला बसतो.

गेल्या महिन्यात आक्कांच्या थोरल्या मुलाच्या कपाळावर, डोळ्याजवळ फोड उठले. ही नागीण डोळ्यात उतरली तर नजर जाऊ शकते. आक्का गेरू भिजवत होत्या.

मी म्हटले, “आक्का, ते राहू द्या. दहाची एसटी आहे.”

आम्ही तिघेही त्या गाडीने गेलो.