धुळ्याचं जेल : अठरा रविवार आणि पुढची तारीख

आजच्या भागात आपण अशा जागेबद्दल बोलणार आहोत, जिचं नाव घरात काढलं की आजी म्हणते, "शुभ बोल रे बाबा." जेल. आपल्या खान्देशातलं धुळ्याचं जेल, आणि त्याच्याबरोबर जळगावचंही.

आधी थोडं मागे जाऊ. साल १९३२. सविनय कायदेभंग जोरात होता आणि धुळ्याच्या तुरुंगात राजकीय कैदी भरले होते. त्यांत ३६ वर्षांचे विनोबा भावे होते, जमनालाल बजाज होते. आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधली शिक्षकाची नोकरी सोडून चळवळीत उतरलेले साने गुरुजीही होते, वय ३२.

२१ फेब्रुवारीला, रविवारी, विनोबा गीतेच्या पहिल्या अध्यायावर बोलले. मग दर रविवारी एक अध्याय. १९ जूनला अठरावा संपला. अठरा अध्याय, अठरा रविवार, एकही खाडा नाही. रेकॉर्डिंगचा प्रश्नच नव्हता. गुरुजी समोर बसून हाताने भराभर लिहून घ्यायचे. त्याचंच पुढे 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं आणि देशातल्या कितीतरी भाषांत गेलं. म्हणजे बघा, एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने ते लिहून काढायचं, हा आपला उद्योग धुळ्याच्या जेलमध्ये तेव्हाच झाला होता!

या गोष्टीचा आपल्याला अभिमान आहे, असायलाच हवा. पण मला पुढचं विचारायचंय. त्याच धुळ्यात आज जिल्हा कारागृह आहे, जळगावातही आहे. तिथे आज कोण असतं?

आपल्याला वाटतं, शिक्षा झालेले गुन्हेगार. पण मोठी शिक्षा लागलेल्यांना सहसा नाशिकरोडसारख्या मध्यवर्ती कारागृहात पाठवतात. जिल्हा कारागृहात मुख्यतः असतात न्यायाधीन बंदी, आपल्या भाषेत 'कच्चे कैदी'. म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशभरातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती. चारातली तीन! जागा मात्र शंभराची असेल तिथे सरासरी १३१ माणसं. कायद्याच्या नजरेत हे कच्चे कैदी अजून दोषी नाहीत. पण मतदानाच्या दिवशी त्यांना मत देता येत नाही. आणि गल्लीत त्यांचा निकाल कधीच लागलेला असतो.

विनोबांची शिक्षा सहा महिन्यांची होती, सुटायचा दिवस माहीत होता. कच्च्या कैद्याला माहीत असते ती फक्त पुढची तारीख. तिथे गेल्यावर परत पुढची तारीख.

आमच्या भागातल्या एका पोराचं सांगतो. मारामारीच्या केसमध्ये आत गेला. कोर्टाने जामीन मंजूर केला, घरात पेढे वाटायची तयारी. पण जामीनदार कुठून आणायचा? आईबाप वीटभट्टीवर, नावावर शेत नाही, सातबारा नाही. नातेवाईक म्हणाले, "आमचं नाव नको गुंतवू भो." कोर्टाचा कागद हातात असूनही पोरगं कित्येक आठवडे आतच. त्याची चूक होती की नव्हती, ते कोर्ट ठरवेल. पण ते आठवडे तो गुन्ह्यामुळे आत नव्हता, गरिबीमुळे होता.

म्हणून आता चार गोष्टी नीट ऐका. जमलं तर लिहून घ्या, गुरुजींसारख्या.

पहिली : अटक झाली की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलंच पाहिजे. हे संविधानात आहे, कलम २२.

दुसरी : कोठडीतल्या कुणालाही मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे जायचं. किंवा १५१०० वर फोन लावायचा.

तिसरी : जामीन मिळूनही माणूस सात दिवसांत सुटला नाही, तर जेलच्या अधीक्षकाने ते विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलंय. महिना झाला तरी जामीनदार मिळत नसेल, तर कोर्ट अटी सैल करण्याचा विचार करू शकतं.

चौथी : नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. याआधी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला जामिनावर सोडायचं. बाकीच्यांसाठी निम्मा काळ. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकापेक्षा जास्त केसेस चालू असलेल्यांना हे लागू नाही.

आता कुणी म्हणेल, "भाऊ, गुन्हेगारांचा एवढा पुळका कशाला?" ज्याच्यावर अन्याय झालाय त्याला न्याय मिळालाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण निकाल लागल्याशिवाय न्याय कुणालाच मिळत नाही, ना फिर्यादीला ना आरोपीला. तारखा लांबल्या की दोघंही झिजतात.

अठरा रविवार म्हणजे जेमतेम चार महिने. तेवढ्यात त्या तुरुंगातून एक अख्खं पुस्तक बाहेर आलं. आज आतल्या कित्येकांचे तेवढे रविवार नुसते वकिलाची वाट बघण्यात जातात. तुमच्या ओळखीत कुणाचं पोरगं आत असेल, तर त्याच्या आईला हा भाग ऐकवा आणि १५१०० हा नंबर तिच्या फोनमध्ये तुम्हीच सेव्ह करून द्या.

चला, भेटू पुढच्या भागात. राम राम!