जमिनीखालची मुंबई: मेट्रो ३ ची गोष्ट, एका मनमाडकराच्या नजरेतून

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की मनमाडच्या पोराने मुंबईच्या मेट्रोवर का बोलावं. प्रश्न बरोबर आहे. आपल्या गावात नळाला पाणी यायला पंधरा-पंधरा दिवस वाट बघायचे आणि तिकडे एका बोगद्यावर हजारो कोटी खर्च होत होते. पण पंचवटीने रोज किंवा आठवड्याला मुंबईला जाणारे आपल्यात किती आहेत, मोजा. सीएसएमटीला उतरून पुढे जायची जी मारामारी असते ती आपलीच आहे. आणि दुसरं कारण, मी सॉफ्टवेअरवाला आहे. एखादी मोठी सिस्टीम का रखडली आणि कशी चालू झाली, हे उकरून बघायची मला खोड आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, पटकन. जगातली पहिली भुयारी रेल्वे लंडनमध्ये १८६३ साली, तीही कोळशाच्या इंजिनावर. भारतात पहिली कोलकात्याची, १९८४ मध्ये. मुंबईत मेट्रोची पहिली लाइन, वर्सोवा-घाटकोपर, २०१४ ला आली, पण ती खांबांवरून जाते. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही लाइन ३ मात्र जवळजवळ सगळी जमिनीखाली: ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, त्यातलं फक्त आरेचं जमिनीवर. केंद्र आणि राज्य यांची निम्मी-निम्मी भागीदारी असलेली मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशन, आणि जपानच्या जायका संस्थेचं कर्ज.

खालून का? कारण फोर्ट, काळबादेवी, गिरगाव, दादर इथे खांब उभे करायला जागाच नाही. ट्रेन एक तर घरांच्या खालून न्यायची, नाही तर न्यायचीच नाही.

आता खोदकाम. हे मला फार आवडतं. टीबीएम म्हणजे बोगदा खणणारं यंत्र. पुढे फिरणारं चक्र, त्यावर दगड फोडणाऱ्या पोलादी चकत्या. यंत्र पुढे सरकतं, फुटलेला दगड मागे जातो आणि लगेच काँक्रीटच्या तुकड्यांचं कडं बसवलं जातं. त्या कड्यालाच रेटा देऊन यंत्र पुन्हा पुढे. अशी १७ यंत्रं मुंबईखाली चालत होती आणि त्यांना महाराष्ट्रातल्या नद्यांची नावं होती: वैतरणा, तानसा, कृष्णा आणि अर्थात आपली गोदावरी. नाशिक जिल्ह्याचा माणूस असल्याने हे वाचून मला उगाच बरं वाटलं होतं. पहिलं यंत्र आरपार निघालं सप्टेंबर २०१८ मध्ये आणि शेवटचं, म्हणजे ४२वं ब्रेकथ्रू, नोव्हेंबर २०२२ मध्ये. यंत्रं सतरा, ब्रेकथ्रू बेचाळीस, कारण एकच यंत्र एका स्थानकाच्या खड्ड्यातून पुढच्या स्थानकाकडे पुन्हा पाठवतात.

दगड बराचसा तोच, आपल्या अनकाई-टनकाईचा काळा पाषाण. मुंबईत त्याच्या जोडीला ब्रेशिया आणि टफसुद्धा लागतात. कसारा घाटातले बोगदे दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी माणसांनी सुरुंग लावून याच जातीच्या खडकात काढले, त्यापुढे टीबीएम म्हणजे चैनच. पण गिरगाव-काळबादेवीत चैन नव्हती. तिथे वर जुन्या चाळी, खाली स्थानक. काही इमारती रिकाम्या कराव्या लागल्या. तिथल्या लोकांनी भांडून मागणी लावून धरली ती गिरगावातच घर मिळण्याची. पिढ्यान्‌पिढ्या एका गल्लीत राहिलेल्या माणसाला दुसरीकडे मोठी खोली देऊन भागत नाही, हे कुठल्याही ड्रॉइंगमध्ये दिसत नाही.

आणि आता खरा तिढा: कारशेड.

लोक म्हणतात बोगद्यामुळे उशीर झाला. माझं मत वेगळं आहे. बोगदा चालूच होता, अडकलं होतं ते कारशेड. गाड्या उभ्या करायच्या कुठे, धुवायच्या कुठे, दुरुस्त करायच्या कुठे? शेड नाही तर गाडी नाही आणि गाडी नाही तर चाचणी नाही. आमच्या भाषेत याला डिपेन्डन्सी म्हणतात, सगळं कोड तयार आणि एका मॉड्यूलसाठी रिलीज थांबलेलं.

शेडसाठी आरेची जागा ठरली होती. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली. लोक रात्रीच तिथे पोचले, २९ जणांना अटक झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं गेली होती. नोव्हेंबरमध्ये नव्या सरकारने शेडला स्थगिती दिली, २०२० मध्ये शेड कांजूरमार्गला नेण्याचं ठरलं, मग त्या जमिनीवर केंद्र आणि राज्य दोघांचा दावा आणि डिसेंबरात न्यायालयाची स्थगिती. जून २०२२ च्या शेवटी सरकार बदललं आणि शेड परत आरेत. त्या ऑगस्टच्या शेवटी पहिल्या गाडीची चाचणी झाली. एप्रिल २०२३ मध्ये, परवानगी ८४ झाडांची असताना जास्त झाडांसाठी अर्ज केला म्हणून सर्वोच्च न्यायालयाने कॉर्पोरेशनला १० लाख रुपये भरायला लावले.

मी मेट्रोच्या बाजूचा आहे, हे उघडच सांगतो. पण कोर्टाचा निकाल आला त्याच रात्री करवती चालवणं मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही नाही. माणसं वरच्या कोर्टात जाणार हे दिसत असताना ती घाई झाली. त्या एका रात्रीने प्रकल्पाबद्दलचा जो विश्वास गेला, तो परत मिळवायला किती वर्षं लागली बघा. खर्चही वाढत गेला: सुरुवातीचा अंदाज २३,१३६ कोटी, नंतर ३३,४०५ कोटी, शेवटी ३७ हजारांच्या वर. यातला सगळा वाढीव खर्च शेडमुळे, असं म्हणणं खोटं ठरेल. पण थांबलेलं काम फुकट थांबत नाही.

लाइन उत्तरेकडून उघडली, तेही शेडमुळेच. ऑक्टोबर २०२४ ला आरे ते बीकेसी, मे २०२५ ला आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि ९ ऑक्टोबर २०२५ पासून थेट कफ परेड. मधल्या टप्प्याचं उद्घाटन होऊन १७ दिवस झाले नाहीत तोच, २६ मेच्या पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं. अर्धवट बांधलेल्या प्रवेशमार्गाची तात्पुरती भिंत कोसळली होती. मुंबईचा पाऊस काही नवा नाही हो. पाणी उतरणाऱ्या खड्ड्याचं तोंड पावसाळ्याआधी पक्कं बंद करायचं, एवढं आपल्याकडे विहीर खणणाराही सांगेल.

गाडीबद्दल थोडं, कारण माझा धंदा. यात सीबीटीसी नावाची सिग्नल यंत्रणा आहे. जुन्या पद्धतीत रुळाचे ठरलेले तुकडे असतात आणि एका तुकड्यात एकच गाडी. इथे गाडी रेडिओवरून सतत सांगते की मी कुठे आहे आणि किती वेगात आहे. मागच्या गाडीला तेवढंच अंतर ठेवावं लागतं जेवढं थांबायला लागेल. संदेश तुटला तर? आमचं ॲप पुन्हा प्रयत्न करतं आणि स्क्रीनवर गोल फिरत राहतं. तिथे संदेश तुटला की गाडीने ब्रेकच लावायचा. इतका साधा नियम आमच्या कामात पाळला असता तर रविवारचे अर्धे फोन वाचले असते. असो.

आता मनमाडकरांसाठी कामाचं. पंचवटीने सीएसएमटीला उतरलात तर मेट्रो बाहेरच आहे. दादरला उतरून मेट्रो धरायची असेल तर ती पश्चिमेला, गोखले रोडच्या बाजूला आहे. सामान असेल तर त्यापेक्षा सीएसएमटीच बरं. मंत्रालयात काम असेल तर विधान भवन स्थानक, बीकेसी आणि विमानतळाची दोन्ही टर्मिनल त्याच लाइनवर. भाडं १० ते ७० रुपये. लोकलच्या पासवाल्याला हे जड आहे, यात शंका नाही. पण आजारी माणसाला घेऊन गर्दीत चढायचं नसेल तेव्हा टॅक्सीपेक्षा कितीतरी स्वस्त.

आणखी एक बातमी. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने लाइन ११ ला मंजुरी दिली, आणिक डेपो ते वडाळा ते गेटवे, बरीचशी जमिनीखालूनच. बातमी वाचताना मी सगळ्यात आधी कारशेड कुठे आहे ते शोधलं. आणिक-प्रतीक्षानगरला, बेस्टच्या डेपोच्या जागेत. पुढच्या भागात त्यावर बोलू.