तांड्याची सनद



आमची शाळा चौथीत सुटली. पुढचे शिक्षण ऊसतोडीच्या फडावर झाले. तरी मूळकथांवर आम्ही बोलावे, हा व्याख्यानमालेचा धीटपणाच!

अहमदपूरच्या आसपास तांड्यांत विचारा, तुम्ही मूळचे कुठले? मारवाडचे, असे म्हातारे सांगतात. मोलाला मूल नव्हते. त्याने राधेसह राजांपुढे खेळ करून तीन मुलगे मिळवले, त्यांचीच राठोड, पवार, चव्हाण ही कुळे. पुढे १६३० च्या सुमारास भंगी आणि जंगी राठोड १,८०,००० बैल, भगवानदास जाधव ५२,००० बैल घेऊन मोगली फौजेबरोबर दक्षिणेत उतरले. पाठीवर फौजेचे धान्य. वजीर आसफखानाने त्यांना सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट दिला, असे म्हणतात. त्यात काय? रांजणातले पाणी घ्यावे, वैरण नसेल तर छपराचे गवत काढावे, आणि दिवसाला तीन खून माफ! १८८२ साली ही कथा छापली ती वऱ्हाडातल्या कंबरलेज या पोलीस अधिकाऱ्याने. बंजाऱ्यांवर पोलिसांची नजर होतीच. १८७१ च्या कायद्याने काही प्रांतांत त्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये गेला.

बैलांचा आकडा खरा की फुगवलेला, हा वाद पंडितांनी करावा. आम्हाला त्या ताम्रपटात कामाचा करार दिसतो. आफ्रिकेतले योरुबा लोक सांगतात, ओडुडुवा आकाशातून साखळीने इफे येथे उतरला. दुसरे म्हणतात, तो पूर्वेकडून आला. पण त्याच्या वंशातले म्हणून मण्यांचा मुकुट कोणी घालावा, हे दोन्हींकडे पक्के. तिथे मुकुटाचा हक्क, इथे पाण्याचा आणि गवताचा. ज्याला ज्याची गरज!

रेल्वे आली, लदेणी बसली. बैल गेले, चालणे राहिले. आता दिवाळीच्या सुमारास तांडा रिकामा होतो. नवराबायको मिळून एक कोयता. दोन माणसांचे एक अवजार मोजणारा हा हिशेब कोणी काढला कोण जाणे! मुकादमाची उचल बहुधा तोंडी. मारवाडातून आलेल्यांच्या करारात निदान पाणी लिहिलेले होते.

गेल्या हंगामापूर्वी तांड्यात बसून मागण्यांचा कागद केला. पहिले कलम फडावर पिण्याचे पाणी, दुसरे गाडीच्या बैलांना वाढे. आम्ही वाचून दाखवले. एक म्हातारे नाईक मिशीत हसले आणि म्हणाले, "साहेब, तिसरे कलम राहिले."