नागरिकत्व आणि जन्माची नोंद
(कोहमारा येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



२०१६ साली ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला आणि तेथील असंख्य रहिवाशांनी आयरिश नागरिकत्वासाठी अर्ज केले. आजी वा आजोबा आयर्लंड बेटावर जन्मले असल्यास नातवास नोंदणीने तो हक्क मिळतो. परंतु तिन्ही पिढ्यांचे दाखले लागतात. आयर्लंडला दुहेरी नागरिकत्व मान्य आहे. आपल्या १९५५ च्या कायद्याप्रमाणे मात्र परकीय नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते. तेव्हा परदेशस्थ मुलांनो, सही करण्यापूर्वी पूर्ण विचार करा. शिक्षक या नात्याने मीही कित्येक जन्मतारखा अंदाजानेच नोंदविल्या. त्याची आज खंत वाटते. वडीलधाऱ्यांनो, घरातील प्रत्येक जन्माची नोंद वेळीच करा व दाखला जपून ठेवा. तो नातवंडांचा ठेवा आहे.