दिव्यांचे रंग आणि त्यांमागचा करार

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



वाहतुकीच्या दिव्यांचा पाठ आपण सारेच शिकवितो. लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे तयार व्हा, हिरवा म्हणजे चला, ही तीन वाक्ये दुसरीतील मूलही घडाघडा म्हणून दाखविते. परंतु आपल्या जिल्ह्यातील बहुतेक शाळा ज्या खेड्यांत आहेत, तेथे असा दिवाच नाही. मुलाला तो प्रथम भेटतो तो यवतमाळच्या चौकात, किंवा आईबापांबरोबर कामासाठी परगावी गेल्यावर नागपूर-पुण्यासारख्या शहरात. आणि तेथे पाठ केलेली ही तीन वाक्ये अपुरी पडतात. ती का अपुरी पडतात आणि त्यांना कशाची जोड द्यावयास हवी, एवढाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

हिरव्या रंगातच जणू परवानगी भरलेली आहे, असे आपणांस वाटते. ‘हिरवा कंदील दाखविणे’ हा वाक्प्रचार तर आपल्या भाषेत कायमचा रुळला आहे. परंतु इंग्लंडमध्ये आगगाड्या नव्याने धावू लागल्या तेव्हा ‘चला’ असे सांगणारा दिवा पांढरा असे. हिरव्याचा अर्थ ‘जपून चला’ असा होता आणि लालाचा ‘थांबा’. या रीतीत एक भयंकर दोष होता. लाल काच फुटून पडली की आतील दिवा पांढरा दिसे, आणि धोक्याची खूण क्षणात परवानगीची खूण होई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढऱ्याची जागा हिरव्याला मिळाली. सावधगिरीसाठी पिवळा त्यानंतर आला. तात्पर्य, हिरव्याचा आजचा अर्थ निसर्गाने दिलेला नाही. माणसांनी अनुभवातून धडा घेऊन तो ठरविला आहे. रंग म्हणजे एक करार होय.

दिवसा तर रेल्वेने केवळ रंगावर विसंबणेही टाळले होते. जुन्या सिग्नलच्या खांबाला एक हात असे. तो आडवा असला तर थांबा, खाली पडला तर चला. म्हणूनच आपल्याकडील जुनी माणसे गाडी यावयाची वेळ झाली की ‘सिग्नल पडला’ असे म्हणत. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरील शकुंतला गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे शब्द परके वाटणार नाहीत. शहरात मात्र ‘सिग्नल लागला’ म्हणजे थांबा आणि ‘सिग्नल सुटला’ म्हणजे चला. खूण एक, पण तिची भाषा जागेनुसार बदलते ती अशी.

रस्त्यावर हा दिवा रेल्वेकडूनच आला. लंडनमध्ये पार्लमेंटजवळ डिसेंबर १८६८ मध्ये जे. पी. नाइट या रेल्वे अभियंत्याच्या योजनेनुसार लाल-हिरवा गॅसचा दिवा उभारण्यात आला. पुढच्याच महिन्यात त्याचा स्फोट होऊन तो चालविणारा पोलीस जखमी झाला. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे १९१४ साली विजेचे दिवे लागले, आणि मधल्या पिवळ्याची भर डेट्रॉइटमध्ये १९२० साली पडली.

आज जगभर रंग बहुतांशी तेच असले, तरी करारातील बारीक कलमे ठिकठिकाणी निराळी आहेत. ब्रिटनमध्ये हिरवा लागण्यापूर्वी लाल आणि पिवळा एकत्र लागतात. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लाल दिवा असतानाही पूर्ण थांबून, वाट मोकळी पाहून, उजवीकडे वळता येते. जपानी लोक हिरव्या दिव्याला बोलण्यात ‘निळा’ म्हणतात. १९७३ साली तेथील शासनाने हिरव्यातील शक्य तितकी निळसर छटा वापरण्याचे ठरविले. वाहनांचेही तसेच. वळण दाखविणारा मागचा दिवा आपल्याकडे पिवळसर नारिंगी असतो. अमेरिकेत तो लालही चालतो. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत मोटारींचे पुढचे दिवे पिवळे असत.

आता आपल्या नियमाकडे वळू. आपल्याकडे पिवळ्याचा अर्थ ‘तयार व्हा’ असा नाही. वाहन रेषेच्या अगदी जवळ येऊन थांबविणे धोक्याचे नसेल, तर पिवळ्यालाही रेषेपूर्वी थांबावयाचे असते. सतत लुकलुकणारा पिवळा ‘वेग कमी करा, जपून पुढे जा’ असे सांगतो. लुकलुकणारा लाल ‘थांबा, पाहा, मगच जा’ असे सांगतो. आपली तीन वाक्ये येथे पहिल्यांदा तोकडी पडतात.

याहून मोठी उणीव दुसरी आहे. दिवा कोणाशी बोलतो आहे, हे आपण मुलास शिकवीत नाही. जो रस्ता ओलांडावयाचा आहे त्यावरील वाहनांना हिरवा दिवा मिळतो, तेव्हा पायी चालणाऱ्याने थांबावयाचे असते. ‘हिरवा म्हणजे चला’ एवढेच शिकलेले मूल तो वाहनांचा हिरवा पाहून पाऊल टाकील, तर दोष त्या मुलाचा म्हणता येईल काय? पायी चालणाऱ्यांचा दिवा निराळा असतो व त्यात माणसाची आकृती असते. मुंबईत दादर भागात २०२० साली या आकृतीला स्त्रीचे रूप देण्यात आले. आकृती बदलली, करार तोच राहिला.

आपल्या जिल्ह्यातून जाणारे मोठे रस्ते ध्यानात घ्या. राष्ट्रीय महामार्ग ४४ पांढरकवड्यावरून जातो. ३६१ यवतमाळ, आर्णी, उमरखेड या बाजूने जातो. अशा रस्त्यावर लुकलुकता पिवळा दिवा असलाच, तर तो वाहनचालकास दिलेली सूचना असते. मुलाला दिलेले अभयवचन नव्हे. तेथे मुलाने दिव्याकडे नव्हे, वाहनाकडे पाहावयाचे असते.

वाहनाचे दिवे ओळखणे तर दिवा नसलेल्या गावातही उपयोगी आहे. पुढे पांढरा, मागे लाल, वळणासाठी नारिंगी. काळोखात पांढरा प्रकाश दिसला तर वाहन आपल्याकडे येत आहे आणि लाल दिसला तर पुढे जात आहे, असे सामान्यतः समजावे. मात्र थांबलेल्या ट्रकचा मागचा दिवाही लालच असतो. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे निघालेल्या बैलगाडीला तर मागे दिवाच नसतो. पाठीमागे प्रकाश परतविणारी लाल पट्टी आणि पुढे पांढरी, एवढी काळजी घेतली तरी मागून येणाऱ्याला गाडी वेळीच दिसेल. हा निरोप मुलांकरवी घरोघर पोहोचवावा.

वर्गासाठी तीन सूचना करतो. पहिली, मैदानावर फक्कीने चौक आखा. काही मुले वाहने, काही पादचारी, आणि प्रत्येक पावलापूर्वी एकच प्रश्न: हा दिवा कोणासाठी? दुसरी, रंगांबरोबर जागाही शिकवा. उभ्या खांबावर लाल वर, पिवळा मध्ये, हिरवा खाली. काही मुलांस लाल व हिरवा यांतील भेद जन्मतःच नीट दिसत नाही. मुलींपेक्षा मुलांत हे पुष्कळ अधिक आढळते. अशा मुलाला रागावू नका. जागेवरून तेही अचूक सांगेल. तिसरी, हिरवा मिळाल्यावरही उजवीकडे, डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे पाहण्याची सवय लावा, कारण करार मोडणारेही रस्त्यावर असतात.

परीक्षेत रंगाचे नाव चुकले तर एक गुण जातो. रस्त्यावर अर्थ चुकला तर काय जाते, हे येथे बसलेल्या कोणासही सांगावयास नको. म्हणून हा पाठ मैदानावर घ्या, आणि पावसाळ्यानंतर कापसाच्या गाड्या रस्त्याला लागण्यापूर्वीच घ्या, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.